ओढ्याला बटण नसतं: लहान जलटर्बाइन बॅटरीला जोडताना

मागच्या व्याख्यानात आपण छपरावरचे सौर पॅनेल बॅटरीला कसे जोडायचे ते पाहिलं. त्या दिवशी शेवटी आलेल्या चिठ्ठ्यांपैकी तीन-चार एकाच आशयाच्या होत्या. घरामागे ओढा आहे, वर्षातले सात-आठ महिने वाहतो. त्यावर छोटं टर्बाइन बसवून ते त्याच बॅटरीला, त्याच चार्ज कंट्रोलरमधून जोडलं तर चालेल का? उत्तर एका शब्दात द्यायचं तर नाही चालणार. पण का चालणार नाही हे नीट समजलं की कसं जोडायचं हेही बरंचसं उलगडतं, म्हणून आजचा तास त्यासाठी ठेवला आहे.

आधी सौर पॅनेलचा स्वभाव आठवू. बॅटरी भरली की कंट्रोलर पॅनेलकडून येणारी वाट बंद करतो. पॅनेलला त्याचं काही वाटत नाही. ऊन पडत राहतं, पॅनेल थोडं जास्त तापतं, त्याच्या टोकांना ठरावीक व्होल्टेज दिसत राहतं, संपलं. टर्बाइनचा स्वभाव अगदी वेगळा. त्याच्या चाकावर पाण्याची धार सतत आपटत असते. जनित्रातून आपण वीज ओढतो तेव्हा ते जनित्र चाकाला मागे खेचतं. धार पुढे ढकलते, जनित्र अडवतं, आणि या रस्सीखेचीत चाकाचा वेग ठरतो. आता बॅटरी भरली म्हणून मधली तार तोडली, तर काय होईल? अडवणारा हात सुटला, धार मात्र तशीच. चाक पळत सुटतं. पेल्टन जातीचं चाक असं मोकळं सुटलं तर कामाच्या वेगाच्या पावणेदोन ते दोन पट वेगाने फिरतं. कायम चुंबकाच्या जनित्रात वेगाबरोबर व्होल्टेज चढतं, आणि ते खाली धरून ठेवणारी बॅटरीही आता जोडलेली नसते. ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी बसवलेलं यंत्र अशा वेळी शंभर-सव्वाशे व्होल्ट सहज दाखवतं. त्या तारेला इन्व्हर्टर जोडलेला राहिला असेल तर तो जातो. जुलैतली रात्र, बाहेर पाऊस, घरातले सगळे झोपलेले, आणि हे घडायला मिनिटभरही लागत नाही.

म्हणून आमचं सांगणं असं, की या व्यवस्थेचा विचार भरलेल्या बॅटरीपासून सुरू करावा. लोक रिकाम्या बॅटरीपासून करतात: किती वीज मिळेल, किती दिवे लागतील, मिक्सर चालेल का. ते सगळं येईलच. पण बॅटरी भरल्यानंतरची वीज कुठे जाणार याचं उत्तर ज्या आराखड्यात नाही, तो आराखडा अपुरा आहे.

आता मोजणीकडे वळू. उदाहरण म्हणून सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारावरचं एक घर धरू या. वर डोंगरातून पऱ्या येतो, कुठे त्याला वहाळ म्हणतील. पोफळीच्या बागेला पूर्वीपासून पाटाचं पाणी आहे, म्हणजे उंचावरून पाणी आणायची कला घरात आहेच. विजेचे खांब तिथपर्यंत पोहोचलेले नाहीत.

दोनच गोष्टी मोजायच्या: पाणी किती उंचीवरून आणता येतं आणि सेकंदाला किती लिटर येतं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे कणादांची आठवण होणं साहजिक आहे. वैशेषिक सूत्रांत पाण्याचं पडणं आणि पाण्याचं वाहणं या दोन वेगळ्या क्रिया मानल्या आहेत. पडणं गुरुत्वामुळे, वाहणं द्रवत्वामुळे. अभियंता हे शब्द वापरत नाही, पण उंची आणि प्रवाह तोही वेगवेगळेच मोजतो आणि शेवटी दोन्हींचा गुणाकार करतो. एक शून्य असेल तर दुसरं कितीही असून उपयोग नाही. सपाट जमिनीवरची भरलेली नदी आणि कड्यावरून ठिबकणारा झरा, दोन्ही आपल्या कामाचे नाहीत.

उंची मोजायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. टप्प्याटप्प्याने उतरत जायचं आणि आकडे मिळवत जायचे. पाइप आधीच टाकलेला असेल तर खालच्या तोंडाशी दाबमापक लावा. पाणी वाहत नसताना एक बार दाब म्हणजे साधारण १०.२ मीटर उंची. प्रवाहासाठी बादली आणि घड्याळ. वीस लिटरची बादली चार सेकंदांत भरली तर सेकंदाला पाच लिटर. मात्र ही मोजणी सप्टेंबरात करून खूश होऊ नका. सप्टेंबरात कोकणातला कुठलाही ओढा श्रीमंत असतो. डिसेंबरात मोजा, फेब्रुवारीत मोजा, आणि प्रत्येक महिन्याचा आकडा वहीत लिहा.

समजा, एकूण उंची २४ मीटर आली, पाइप १५० मीटर लांब लागतो आणि सेकंदाला पाच लिटर घेता येतात. पाइपच्या आतून जाताना पाणी घासतं आणि काही उंची तिथेच खर्च होते. ती किती, हे पाइपच्या जाडीवर ठरतं, आणि इथे काटकसर फार महाग पडते. ६३ मिलिमीटरचा पाइप घेतला तर २४ पैकी नऊ-दहा मीटर घर्षणातच जातात. ७५ चा घेतला तर चारेक मीटर. ११० चा घेतला तर जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर. पाइप एकदाच विकत घ्यायचा असतो, घर्षण मात्र रोज चोवीस तास वसुली करतं. आपण मधला ७५ चा धरू. म्हणजे धारेपर्यंत २० मीटर पोहोचले.

२० मीटर, पाच लिटर आणि गुरुत्वाचे ९.८१ यांचा गुणाकार ९८१ वॅट. ही पाण्याची ताकद. चाक, जनित्र, तारा यांतून घरापर्यंत यातली साधारण निम्मी येते. लहान यंत्रांत निम्मं म्हणजे चांगलंच. तेव्हा ४९० वॅट. ऐकायला हे थोडं वाटतं, एक इस्त्रीसुद्धा चालत नाही. पण हे ४९० वॅट रात्रीही असतात, ढगातही असतात. दिवसाला साडेअकरा-बारा युनिट झाली. छपरावर एक किलोवॅटचे पॅनेल टाकले तर चांगल्या उन्हाच्या दिवशी चार युनिटच्या आसपास मिळतात, आणि जुलैत त्यातलेही बरेच ढग खातात.

बॅटरीचं काम इथे सौर व्यवस्थेपेक्षा हलकं आहे. सौरमध्ये ती रात्र काढते, शिवाय दोन-तीन ढगाळ दिवसांची बेगमी करते. टर्बाइनची वीज रात्रीही येत असते. बॅटरी फक्त गर्दीच्या वेळेसाठी. सकाळी मिक्सर साडेसातशे वॅट ओढतो, पंप लावला तर तेवढेच आणखी, ते वरचे वॅट बॅटरी देते आणि दुपारी पुन्हा भरून निघते. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचा संच अशा घराला पुरतो. त्यात सुमारे ४.८ युनिट साठतात, आणि टर्बाइनकडून येणारा नऊ-साडेनऊ अँपिअरचा प्रवाह शिशाच्या बॅटरीला अगदी मानवणारा आहे.

४८ व्होल्टच का, १२ का नको? तारेमुळे. टर्बाइन खाली ओढ्याकाठी, घर ६० मीटर वर. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन १२० मीटर, तिचा रोध साधारण ०.३५ ओहम. ४८ व्होल्टला प्रवाह साडेनऊ अँपिअर, तारेत तीसेक वॅट जातात, सोसण्यासारखे आहेत. १२ व्होल्टला प्रवाह चौपट होतो आणि तारेतला तोटा सोळापट. म्हणजे पाचशे वॅट. जेवढी वीज केली तेवढी सगळी तार गरम करण्यात गेली.

चाकाबद्दल थोडंसंच. २० मीटर उंचीची धार सेकंदाला सुमारे १९.८ मीटर वेगाने सुटते, आणि पेल्टनच्या वाट्या धारेच्या निम्म्या वेगाने फिरल्या तर सर्वांत जास्त काम करतात. दहा सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला अठराशेच्या आसपास फेरे घेईल. पाच लिटर पाण्यासाठी एकच मोठी धार त्या चाकाला झेपत नाही, म्हणून नऊ मिलिमीटरच्या चार धारा चारी बाजूंनी द्यायच्या. याचा एक फायदा जानेवारीत कळतो. पाणी निम्मं झालं की दोन नोझल पूर्ण बंद करायची. उरलेल्या दोन धारांचा जोर शाबूत राहतो. मुख्य व्हॉल्व्ह अर्धवट पिळून पाणी कमी केलं तर धारेचा जोरच मरतो. वर पाणी घेतो तिथे तिरकी जाळी आणि गाळ बसायला एक टाकी हवीच, हे पाटाची देखभाल करणाऱ्यांना सांगायला नको.

आता जोडणी. जनित्रातून तीन तारांवर प्रत्यावर्ती वीज निघते, रेक्टिफायरमध्ये ती एकदिश होते, ब्रेकरमधून तांब्याच्या बसबारवर येते. त्याच बसबारवर बॅटरी आपल्या फ्यूजमधून जोडलेली, त्यावरच इन्व्हर्टर, आणि त्यावरच आजचा आपला मुख्य पाहुणा: वळवणारा कंट्रोलर, ज्याला कारागीर डंप लोड कंट्रोलर म्हणतात. तो टर्बाइनची वाट कधीच अडवत नाही. तो बॅटरीचं व्होल्टेज पाहत बसतो. शिशाच्या ४८ व्होल्टच्या संचाचं व्होल्टेज ५७.६ च्या आसपास पोहोचलं, की जास्तीची वीज तो एका हीटरकडे वळवतो. आधी थोडी, मग जास्त, सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करून, हवी तेवढीच. बॅटरीला पुरेसं मिळतं, चाकाला सतत ओझं राहतं, वेग जागेवर राहतो.

हा हीटर निवडताना फसगत होते ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. बाजारात गिझरची २३० व्होल्टची, दोन हजार वॅटची कॉइल मिळते. आपल्याला पाचशे वॅट जाळायचे आहेत, कॉइल दोन हजारांची आहे, म्हणजे चौपट मोठी, असं वाटतं. पण ते दोन हजार वॅट २३० व्होल्टला. तिचा रोध सुमारे २६ ओहम, ५७.६ व्होल्टला ती फक्त सव्वाशे वॅट जाळते. उरलेले पावणेचारशे बॅटरीत घुसत राहतात. बॅटरी उकळते, हायड्रोजन सुटतो, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. अशा सहा कॉइल समांतर जोडल्या तर साडेसातशे वॅटचा मार्ग तयार होतो. किंवा साडेचार-पावणेपाच ओहमचा, सातशे वॅट झेपणारा तारेचा रेझिस्टर घ्यावा. टर्बाइन जास्तीत जास्त जेवढी वीज देईल त्याच्या किमान सव्वापट हा मार्ग रुंद हवा. ‘सरासरी’ हा शब्द इथे विसरायचा.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. जास्तीच्या विजेवर आंघोळीचं पाणी तापवावं ही कल्पना छानच आहे. पण गिझरचा थर्मोस्टॅट पाणी तापलं की वाट तोडतो, म्हणजे ज्या धोक्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच परत आला. शिवाय तो प्रत्यावर्ती विजेसाठी बनवलेला असतो. एकदिश वीज तोडताना त्याच्या टोकांमध्ये ठिणगी धरून राहते आणि टोकं चिकटतात. म्हणून पाण्याचा हीटर ठेवलाच तर दुसरा म्हणून ठेवा. पहिला हीटर हवेत उष्णता सोडणारा हवा, जाळीच्या लोखंडी पेटीत, भिंतीपासून दूर, ज्याला ‘आता पुरे’ म्हणायची सोय नाही असा. कोकणात जुलैत कपडे वाळत नाहीत हे काय सांगायचं. त्या पेटीच्या वरच्या अंगाला, दोन-तीन फुटांवर, कपड्यांचं हवेशीर कपाट केलं तर त्या जास्तीच्या विजेला घरातले लोक नावं ठेवणार नाहीत. कपडा पेटीवर पडू शकणार नाही एवढी व्यवस्था मात्र हवी.

हायडेगरनी १९५३ च्या त्यांच्या तंत्रज्ञानावरच्या व्याख्यानात ऱ्हाइन नदीवरच्या वीजकेंद्राचं उदाहरण घेतलं आहे. जुनी पवनचक्की वाऱ्याच्या मर्जीवर फिरते, वाऱ्यातली ऊर्जा साठवून ठेवण्यासाठी काढून घेत नाही; आधुनिक केंद्र मात्र नदीकडे मागणी करतं आणि नदीच त्या केंद्राचा पुरवठा होऊन बसते, असा त्यांचा रोख. आमच्या मते साठवणं ही कसोटी धरली तर आपलं घर गुन्हेगार ठरतं, कारण बॅटरी आहेच. पण खरा फरक दुसरीकडे असावा. धरण नदीला ‘थांब’ म्हणू शकतं. आपल्या घराला ते म्हणता येत नाही. रोज दुपारी साठवण भरते आणि पाणी येतच राहतं, तेव्हा घरालाच पाण्याप्रमाणे काहीतरी करावं लागतं: कपडे वाळवा, पाणी तापवा. हायडेगरना हे मान्य झालं असतं की नाही, यावर एक वेगळं व्याख्यान होईल.

आता लिथियमच्या बॅटरीबद्दल, कारण हल्ली तीच घेतली जाते. तिच्या पोटात एक रक्षक सर्किट असतं, बीएमएस. एखादा सेल जास्त भरला की ते बॅटरीच बसबारपासून तोडतं. बॅटरीच्या दृष्टीने बरोबर आहे. टर्बाइनच्या दृष्टीने हा तोच अपघात, आणि तो आतून, न विचारता. म्हणून वळवणाऱ्या कंट्रोलरचा आकडा बीएमएसच्या मर्यादेच्या पुरेसा खाली ठेवायचा. सोळा सेलच्या संचाची कमाल ५८.४ असते, आम्ही ५६ च्या आसपास थांबू. आणि दुसरा, पूर्ण स्वतंत्र कंट्रोलर, स्वतंत्र हीटरसह, पहिल्याच्या व्होल्टभर वर लावून ठेवायचा. पहिला ठीक असेल तोवर हा वर्षानुवर्षं बसून राहील. त्यावर पैसे वाया गेले असं ज्यांना वाटतं त्यांनी इन्व्हर्टरची किंमत विचारून यावी.

सौर आणि पाणी एकाच बॅटरीवर नांदू शकतात, आणि आपल्याकडे त्यांची जोडी सुरेख जमते. जुलैत ओढा, मार्चमध्ये ऊन. फक्त सौर कंट्रोलरची थांबायची पातळी वळवणाऱ्या कंट्रोलरपेक्षा अर्धा-एक व्होल्ट खाली ठेवायची, म्हणजे आधी पॅनेल मुकाट्याने थांबतात. उलट झालं तर पॅनेलची वीजही हीटरकडे धावते आणि तो मार्ग अपुरा पडतो.

चालू करण्याचा क्रम: आधी बॅटरी जोडलेली, कंट्रोलर जागा, त्याचा आकडा मुद्दाम खाली आणून हीटर तापतो का ते हाताने अनुभवायचं, आकडा परत जागेवर, आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. बंद करताना आधी पाणी, मग ब्रेकर. हे मोठ्या अक्षरांत ब्रेकरशेजारी भिंतीवर लिहा, आणि व्हॉल्व्ह कुठे आहे हे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना दाखवून ठेवा.

चिठ्ठ्या बऱ्याच आहेत, तीन घेऊ.

पहिली: गाडीचा अल्टरनेटर वापरला तर? प्रयोग म्हणून वापरा. त्याला चुंबकत्व जागवायला स्वतःची वीज द्यावी लागते, निम्म्याच्या आसपास ताकद तो आतच गमावतो, आणि त्याचे ब्रश झिजतात. चोवीस तास फिरण्यासाठी तो बनलेला नाही.

दुसरी चिठ्ठी हुशार आहे. बॅटरी भरली की मोटरवरच्या व्हॉल्व्हने पाणीच बंद केलं तर हीटरची गरज काय? करता येतं. पण आपल्या त्या ७५ च्या पाइपात साडेपाचशे किलोंच्या आसपास पाणी असतं, सेकंदाला सव्वा-दीड मीटरने चाललेलं. ते झटक्यात अडवलं तर पाइप फुटतो, म्हणून व्हॉल्व्ह सावकाश बंद व्हावा लागतो, आणि त्या मिनिटभरात वीज कुठेतरी जायला हवीच. शिवाय व्हॉल्व्हमध्ये काटकी अडकली तर? तेव्हा असा व्हॉल्व्ह तिसरा पहारेकरी म्हणून ठेवा, पहिला नको.

तिसरी: टर्बाइन पाणी खात नाही, परत ओढ्यातच सोडतं, मग शेजाऱ्यांना विचारायची गरज आहे का? आहे. पाणी परत येतं ते खाली, टर्बाइनपाशी. वरच्या तोंडापासून तिथपर्यंतचा दीडशे मीटर ओढा मात्र तेवढ्या पाण्याला मुकतो, आणि फेब्रुवारीत सेकंदाला पाच लिटर म्हणजे कदाचित ओढ्यातलं सगळंच पाणी. त्या पट्ट्यात मासे, खेकडे असतात, गुरं पाण्यावर येतात, कुणाचा पाट निघत असेल. फेब्रुवारीत सगळं पाणी पाइपात घेऊ नका, आणि पाट असेल तर पाइप विकत घेण्याआधी त्यांच्या घरी जा. मोजणीच्या दिवशी बादली धरायला त्यांनाच बोलवा, म्हणजे वहीतला आकडा दोघांचा होईल.